निवडुंगाच्या फुलातलं बिऱ्हाड

निवडुंगाच्या फुलाकडे लोक लांबूनच पाहतात. काट्यांची धास्ती असतेच. शिवाय धुळकट हिरव्या फड्यांच्या कडेला अचानक इतका झळझळीत पिवळा रंग दिसतो, की जवळ जायची गरजही वाटू नये. पण टेक्ससमध्ये एप्रिल-मेच्या दिवसांत, उन्हं चढल्यावर, नुकत्याच उमललेल्या फड्या निवडुंगाच्या फुलात कुणी वाकून पाहिलं, तर रंगाच्याही आधी वर्दळ दिसते. शेकडो पुंकेसरांचा दाट घेर, मधोमध जाड दांड्यावरची हिरवी कुक्षी, आणि पुंकेसरांच्या बुडाशी, जिथे मधुरस साठतो त्या खोलगट जागेत, दोन-चार मिलिमीटर लांबीचे तपकिरी भुंगेरे. एखाददुसरा नव्हे, चांगले घोळक्याने. कुणी पराग खातोय, कुणी दुसऱ्याच्या पाठीवर चढलाय, कुणी नुसताच बसलाय. मधमाशी येते, घाईघाईने अंगावर पराग गोळा करते आणि उडून जाते. या मंडळींना मात्र कुठेही जायचं नसतं.

कार्पोफिलस हे या भुंगेऱ्यांच्या प्रजातीचं नाव. पाठीवरचे कठीण पंख आखूड, त्यामुळे पोटाचं टोक मागून उघडंच राहतं. मिशांच्या टोकाला बारीकशी गाठ. गोडाचा आणि आंबूस वासाचा शौक हा या घराण्याचा जुना गुण. पिकून फुटलेलं फळ, झाडाच्या जखमेतून पाझरणारा रस, आंबायला लागलेलं काहीही यांना चालतं. यांचाच एक भाऊबंद, कार्पोफिलस हेमिप्टेरस, अंजीर, खजूर, बेदाणे यांच्या साठ्यात शिरणारी कीड म्हणून जगभर बदनाम आहे. या प्रजातीतल्या कित्येक जातींचे नर खायला बसले, की अंगातून एक गंध सोडतात आणि त्या गंधाच्या मागावर नर-माद्या दोघंही गोळा होतात. जेवणाची जागा सापडली की ती लपवून ठेवायची नाही, गावभर करायची, असा रिवाज. निवडुंगाच्या एका फुलात गर्दी आणि शेजारच्या फुलात शुकशुकाट असं कधी दिसलं, तर त्याचं कारण फुलापेक्षा या गंधात शोधावं, असं मला वाटतं.

टेक्सस विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ व्हर्न ग्रँट यांनी भुंगेऱ्यांचे जाणकार कॉनेल यांच्याबरोबर १९७९ साली या सोबतीवर एक छोटासा लेख लिहिला. ग्रँट तेव्हा साठी ओलांडलेले होते. पत्नी कॅरन ग्रँट यांच्यासह ते नैऋत्य अमेरिकेतल्या निवडुंगांची फुलं एकामागून एक तपासत होते. कोणत्या फुलाकडे कोण येतं, कोण पराग नेतं, कोण नुसतं खाऊन जातं, याची ती खानेसुमारीच होती. फड्या निवडुंगाच्या बाबतीत खऱ्या कामकरी ठरल्या त्या डायडेसिया आणि लिथर्गस या प्रजातींमधल्या, पोळं न करता एकेकट्या घरटं करणाऱ्या माश्या. अंगाने दणकट आणि केसाळ. फुलावर उतरतानाच त्यांचं अंग कुक्षीला लागतं, मग त्या पुंकेसरांत मुसंडी मारतात आणि थोड्याच वेळात पुढच्या फुलावर जातात. परागीभवनाला याहून जास्त काय लागतं?

भुंगेऱ्याचं तसं नाही. त्याच्या अंगालाही पराग लागतो, पण एवढ्याशा देहाला कुक्षीला न शिवता आत-बाहेर करायला भरपूर जागा असते. आणि मुक्काम असा, की फूल मिटायची वेळ येईपर्यंत हलायचं नाव नाही. पुण्यातल्या जुन्या वाड्यात एखादं बिऱ्हाड असायचं, भाडं नाममात्र, तेही वेळेवर नाही, आणि घरमालकाने खोली खाली करून घ्यायचा विचार केव्हाच सोडून दिलेला. निवडुंगाच्या फुलातलं हे तसलं बिऱ्हाड.

शास्त्राची भाषा अशा बिऱ्हाडाबद्दल फार कडक आहे. मधुरस घेऊन परागाची ने-आण न करणारा तो ‘चोर’, आणि फुलाला भोक पाडून मधुरस काढणारा तो ‘दरोडेखोर’, असे दोन वेगळे पारिभाषिक वर्ग तिथे आहेत. जणू फौजदारी संहितेतली कलमंच. या शब्दांची सोय मला कळते. मोजणी करायची तर रकाने लागतात. पण रकाना एकदा आखला, की त्यात बसणाऱ्याच्या बाकी आयुष्याकडे दुर्लक्ष करण्याची मुभाही मिळते. भुंगेऱ्याने परागीभवन केलं का? फारसं नाही. मग तो बिनमहत्त्वाचा? हा दुसरा प्रश्न पहिल्या प्रश्नाच्या पोटातून निघत नाही, तरी आपण तो काढतो.

ग्रँट यांच्याबद्दल मला कुतूहल वाटतं ते इथेच. कारण याच माणसाने जवळजवळ तीस वर्षं आधी, १९५० साली, ‘इव्होल्यूशन’ या नियतकालिकात एक लेख लिहिला होता आणि त्यात भुंगेरे अगदी वेगळ्या भूमिकेत होते. लेखाचा विषय होता फुलांमधल्या बीजांडांचं संरक्षण. प्रश्न साधा होता आणि बहुधा साधा असल्यामुळेच फारसा कुणी विचारलेला नव्हता. फुलाला पाहुणे हवे असतात, पण पाहुण्यांना तोंडं असतात. भुंगेऱ्याचे जबडे चावायला आणि कुरतडायला बनलेले. पक्ष्याची चोच टोचणारी. पराग लाखांनी असतो, त्यातला बराचसा खाल्ला गेला तरी फुलाचं अडत नाही. पाकळ्यांना चार भोकं पडली तरी दिवस निभावतो. बीजांडं मात्र मोजकी, एका जागी खिळलेली, आणि त्यांच्यावर एकदा जबडा चालला की ते फूल फुकट गेलं. म्हणून, ग्रँट यांचं म्हणणं, अशा पाहुण्यांकडे जाणाऱ्या फुलांत बीजांडं आडोशाला नेण्याकडे कल दिसतो. अंडाशय पाकळ्यांच्या वर, फुलाच्या दिवाणखान्यात राहत नाही. तो खाली, फुलाच्या तळाखाली जातो. वनस्पतिशास्त्रात त्याला अधःस्थ अंडाशय म्हणतात.

निवडुंगाने ही गोष्ट टोकाला नेली आहे. त्याचा अंडाशय नुसता फुलाखाली नाही, तो खोडात बुडालेला आहे. हे पटवून घ्यायला टेक्ससला जावं लागत नाही. ज्यांनी लहानपणी माळावर फड्या निवडुंगाची पिकलेली बोंडं खाल्ली आहेत त्यांच्या बोटांना ते ठाऊक आहे. बोंड तोडायचं, दगडावर किंवा मातीत घोळून त्याची कुसं झाडायची, सोलायचं, मग जीभ जांभळी होईपर्यंत खायचं. आणि कितीही घोळलं तरी एखादं कूस ओठात राहायचंच. फळाच्या सालीवर कुसं कशी? आंब्याला, पेरूला, सीताफळाला असलं काही नसतं. कारण जिला आपण साल म्हणतो ती फळाची साल नाहीच, ते झाडाचं खोड आहे. फड्यावर ज्या ठिपक्यांतून काटे आणि कुसं फुटतात, तेच ठिपके बोंडावरही असतात. बोंड आडवं कापलं की मधला बियांचा गर आणि भोवतीची जाड भिंत वेगळी दिसते: गर अंडाशयाचा, भिंत खोडाची. वरच्या टोकाला जी खोलगट वाटी असते ती फूल गळून पडल्याची खूण. म्हणजे फूल वर मांडलेलं होतं, आणि ऐवज खाली, काट्यांच्या पहाऱ्यात, मांसल भिंतीआड.

निवडुंगाच्या कुळात एक जुन्या वळणाची शाखा आहे, पेरेस्किया. तिला चक्क पानं असतात. चारचौघांत उभी राहिली तर निवडुंग म्हणून कुणी ओळखणार नाही. तिच्यातल्या काही जातींमध्ये अंडाशय अजून वरच, उघड्यावर आहे. खाली बुडण्याचा प्रवास या कुळाच्या आतच घडला, असं त्यावरून दिसतं.

तो भुंगेऱ्यांमुळेच घडला का? इथे जरा सावध राहिलं पाहिजे. ग्रँट यांचं विधान सगळ्या सपुष्प वनस्पतींच्या मोठ्या तुलनेवर उभं आहे. निवडुंगाच्या वंशात नेमकं कोणाच्या जबड्यापायी काय झालं, याचा पुरावा त्यात नाही. कोरड्या मुलखात बीजांडं खोडाच्या पाणीदार मांसात ठेवणं हे स्वतःच पुरेसं कारण होऊ शकतं. उत्क्रांतीच्या गोष्टी रचणं सोपं असतं. प्रत्येक अवयवाला एक हेतू चिकटवला की गोष्ट तयार. तरीही मला ग्रँट यांचा तर्क सोडवत नाही, कारण काळाचा हिशेब त्याच्या बाजूने आहे. म्यानमारच्या अंबरमध्ये सापडलेला, २०१९ साली वर्णन केलेला एक भुंगेरा आहे, अंगावरच्या केसांत परागकण अडकलेले. त्याचं वय सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षं. निवडुंगांचं कूळ सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचं मानतात, आणि आज वाळवंटात दिसणारी त्यांची बहुतेक विविधता त्याहूनही पुष्कळ अलीकडची. निवडुंगाचं पहिलं फूल उमललं तेव्हा भुंगेरे फुलांवर कोट्यवधी वर्षं जेवत आलेले होते. नव्या फुलाला जबड्यांचा विचार न करता उमलण्याची सोयच नव्हती.

आणि जबडे काही फक्त कार्पोफिलसचे नाहीत. तो बापडा लहान आहे. टेक्ससच्याच फुलांत युफोरिया कर्नी नावाचा, शेंगदाण्याएवढा भुंगेरा येतो. हुमणीच्या भुंगेऱ्यांच्या कुळातला. कुणी पिवळ्यावर काळे डाग असलेला, कुणी पूर्ण काळा, एकाच जातीत इतकी रंगांची चंगळ. तो फुलात डोकं खुपसून, परागाने माखून, बिनधास्त चरतो. ॲक्मिओडेरा नावाचे सोनकिडेही येतात. त्यांचे वरचे कठीण पंख एकमेकांना सांधलेले असतात, त्यामुळे उडताना ते न उघडता खालचेच पंख बाहेर काढतात आणि दिसतात थेट माशीसारखे. हे सगळे ज्या फुलात येऊन खातात त्यात बीजांडं उघड्यावर असती तर काय झालं असतं, याचा अंदाज बांधायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही.

फड्या निवडुंगाच्या पुंकेसरांची आणखी एक खोड आहे. त्यांना स्पर्श झाला की ते वाकतात, आणि मधल्या दांड्याकडे गोळा होतात. चार्ल्स डार्विनने बीगलच्या सफरीत पॅटागोनियात एका निवडुंगाच्या फुलात काडी आणि बोट घालून हे पाहिलं होतं. पुढे त्या निवडुंगाला त्याचंच नाव दिलं गेलं. गंमत अशी, की डार्विन म्हणजे भुंगेऱ्यांपायी वेडा झालेला माणूस. केंब्रिजला असताना दोन्ही हातांत एकेक भुंगेरा आणि तिसरा सोडवेना, म्हणून हातातला एक त्याने तोंडात धरला होता. त्या निवडुंगाच्या बाबतीत मात्र त्याने नोंद केली ती काडीची. फुलाच्या दृष्टीने काडी म्हणजे कोण, हा प्रश्न पुढच्यांसाठी राहिला.

त्याचं एक उत्तर दक्षिण ब्राझीलमधून आलं. श्लिंडवाइन आणि विटमन या दोघांनी १९९७ साली तिथल्या दोन निवडुंगांबद्दल दाखवलं, की पुंकेसर वाकले की वरच्या थराचं छप्पर तयार होतं आणि खालच्या थरांतला बराचसा पराग त्याखाली झाकला जातो. ते छप्पर ढकलून आत शिरणं जमतं ते याच फुलांवर पोट असलेल्या, ताकदीच्या माश्यांना. वरवर येणाऱ्यांच्या हाती वरचाच थर लागतो. म्हणजे घराला आतून कडी आहे, आणि ती कशी काढायची हे ठरावीक पाहुण्यांनाच ठाऊक. पण आधीच आत, बुडाशी जाऊन बसलेल्या भुंगेऱ्याचं काय? त्याच्या बाबतीत छप्पर बंद झालं तर तो उलट आणखी सुरक्षित. प्रत्येक बंदोबस्तात कुणाचं तरी फावतंच.

आपल्याकडे फुलात राहून गेलेल्या कीटकाची गोष्ट आली की ती बंधनाची असते. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात तो दाखला आहे: कोरडं लाकूड पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकतो. अर्जुनाला ग्रासणारा स्नेह किती चिवट, हे सांगायला तो येतो. लाकूड पोखरणारा तो सुतार भुंगा, माश्यांच्या कुळातला. तेवढं निरीक्षण अगदी नेमकं आहे. फुलात खरोखर रात्रभर कोंडले जातात ते बहुधा भुंगेरे. ॲमेझॉनमधल्या व्हिक्टोरिया या महाकाय जलवनस्पतीचं फूल पहिल्या संध्याकाळी पांढरं, उबदार आणि सुगंधी असतं. भुंगेरे आत शिरतात, फूल मिटतं, आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन, त्यांच्या अंगाला पराग फासून, त्यांना सोडतं. पाहुण्याला कोंडून काम करून घ्यायचं, असा तो रोखठोक व्यवहार. निवडुंग कुणाला कोंडत नाही. त्याचं फूल बहुधा एकाच दिवसाचं, ताटासारखं उघडं, येणाऱ्याला येऊ देणारं आणि जाणाऱ्याला जाऊ देणारं. तरी भुंगेरा जात नाही. त्याला धरून ठेवणारं तिथे काहीच नाही, पोटाशिवाय.

पण खरंच जात नाही का? इथे एक अनपेक्षित साक्षीदार पुढे येतो. कॅनडाचे यीस्टतज्ज्ञ मार्क-आंद्रे लाशांस यांनी अल्पजीवी फुलांमधल्या यीस्टचा माग अनेक वर्षं काढला आहे. या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी ॲरिझोनातल्या निवडुंगांच्या फुलांतून आणि त्यांतल्या कार्पोफिलस भुंगेऱ्यांतून एक नवीन जाती वर्णन केली: मेट्श्निकोविया ॲरिझोनेन्सिस. मोठाल्या, सुईसारख्या लांबट बीजाणूंची. हे यीस्ट फुलातल्या साखरेवर जगतं. वाऱ्यावर उडून नेमक्या फुलात पडण्याची त्याला काही शाश्वती नाही, आणि ज्या फुलात ते वाढतं ते आज उमलून आजच मिटणार. उद्याच्या फुलात त्याला पोचवणार कोण? भुंगेराच. म्हणजे हे बिऱ्हाड आपल्याला वाटतं तितकं चिकट नाही. दिवसभर तो हलत नाही, हे खरं. पण फूल मिटलं की त्याला दुसरं घर शोधावंच लागतं, आणि यीस्टची वंशावळ तुटलेली नाही यावरून ते तो दररोज शोधतो हे उघड आहे. ज्या अंगावर यीस्ट जातं त्यावर चार परागकणही जात असणार. आपण दुपारी फुलात वाकून पाहतो आणि म्हणतो, हा आळशी. त्याचा प्रवास आपण पाहत नाही त्या वेळी होतो. मधमाशीच्या तुलनेत तो तरीही कामाला कच्चाच. पण ‘कच्चा’ आणि ‘शून्य’ यांत फरक आहे, आणि लाखो वर्षांच्या हिशेबात तो फरक साठत जातो.

भारतात निवडुंगाकडे पाहिलं गेलं ते वेगळ्याच हिशेबाने. ईस्ट इंडिया कंपनीला किरमिजी रंग हवा होता. तो रंग देणारा कोचिनील किडा निवडुंगावर जगतो. १७९५ साली ब्राझीलहून कोलकात्यात किडे आले, पण ते निघाले भलत्याच, हलक्या जातीचे. रंगाचा धंदा काही जमला नाही, निवडुंगाचे ताटवे मात्र त्यांनी फस्त केले. तणावर मुद्दाम कीड सोडण्याची कल्पना पुढे त्यातूनच पक्की झाली. या सगळ्या खटाटोपात निवडुंग म्हणजे कुंपण, चारा किंवा तण. त्याच्या फुलाशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं. फुलाचंही कुणावाचून अडलं नाही. अमेरिकेतल्या त्याच्या जुन्या पाहुण्यांवाचून दख्खनच्या माळावर बोंडं धरली, बियांनी भरली, पाखरांनी खाऊन पसरवली. घर सताड उघडं ठेवल्याचा हा फायदा: नवा गाव, नवे पाहुणे, तरी चालतं.

सोनोराच्या वाळवंटातला चोला निवडुंग या सगळ्याच्या पुढे गेला आहे. त्याच्या एका जातीत, सिलिंड्रोपंशिया फुल्जिडामध्ये, फळं पिकून गळत नाहीत. जुन्या फळाच्याच अंगावर पुढच्या मोसमात नवी कळी येते, तिचं फळ होतं, त्यावर पुन्हा कळी, आणि वर्षानुवर्षं फळांच्या माळा खाली लोंबत राहतात. हे जमतं कारण फळाची भिंत खोडाची आहे आणि खोडाला कुठेही कळी फुटू शकते. यातली बरीच फळं बियांविना असतात. एखादं खाली पडलं, तर ते कुजत नाही. मुळं धरतं आणि त्याचं झाड होतं. काटेरी कांडी तर नुसती जनावराच्या अंगाला चिकटून कोसभर जाते आणि तिथे रुजते. बीजांडं राखायला जी भिंत उभी राहिली, तीच आता बीजांडांवाचून वंश वाढवते आहे. तरीही दर उन्हाळ्यात दुपार कलताना याची फुलं उमलतात. त्या फुलांचा नक्की फायदा कुणाला, असा जमाखर्च कुणी मांडलाच, तर पहिलं नाव भुंगेऱ्याचं लिहावं लागेल, दुसरं मधमाशीचं. झाडाचा नंबर त्यानंतर.